बुचाचं लाकूड आणि धातूची कड जुळत नाही? आधी पावसाचा हिशेब करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मे महिन्यात तुम्ही बाटल्यांसाठी फणसाच्या लाकडाची बारा बुचं कातलीत, वर लाकडी टोपी आणि खाली बाटलीत उतरणारा धातू, दोन्ही आट्यांच्या दांड्याने जोडलेले. लाकूड आणि खालची स्टीलसारखी तबकडी नखालाही फरक लागणार नाही इतकी एकसारखी केलीत. आता जुलैत बारापैकी नऊ बुचांना जोडाशी पायरी आली आहे. दोन बुचं आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटल्यांवर होती, त्यांचा चकचकीत मुलामा काळा पडून सुटायला लागला. आणि शेवटी विचारलंत, वरून सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाख चढवली तर टिकेल का.

मी कुडाळात अठरा वर्षं लेथवर काम करतोय. पाळण्याच्या दांड्या, चौरंगाचे पाय, लाटणी, आणि गेली सात-आठ वर्षं बुचं. तुम्हाला जे झालं ते मला पहिल्या दोन पावसाळ्यांत झालं. तुमच्या हाताची त्यात चूक नाही, मोजमापही बरोबर आहे. चूक आहे ती "एकसारखी" करायच्या हट्टात.

लाकूड ओल्या हवेत फुगतं हे आपल्या दारं-खिडक्यांवरून सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते सगळीकडून सारखं फुगत नाही. उभ्या रेषेत, म्हणजे लांबीत, जवळजवळ नाहीच. आडवं फुगतं, आणि त्यातही वाढीच्या वलयांना धरून जेवढं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने. बूच कातताना रेषा उभी असते, म्हणजे तबकडीवर बसणारा गोल हा लाकडाचा आडवा छेद. तो पावसात नुसता मोठा होत नाही, लंबगोल होतो. मी फणसाचं एक बूच मुद्दाम कपाटाबाहेर ठेवून व्हर्नियरने मोजत गेलो होतो. मे महिन्यात 25.0 मिलिमीटर, जुलैच्या शेवटी एका बाजूने 25.3 आणि त्याच्या काटकोनात 25.1. धातू बिचारा 25.0 वरच. म्हणजे एका बाजूला प्रत्येक कडेने दीड दशांश मिलिमीटर लाकूड बाहेर. ऐकायला काहीच नाही, पण बोट फिरवलं की लगेच कळतं आणि विकत घेणारं माणूस पहिलं बोटच फिरवतं.

मी ज्यांच्याकडे कातकाम शिकलो त्या चितारी काकांना मी माझं पहिलं "एकसारखं" बूच मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. त्यांनी ते हातात फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "पयलो पाऊस पडांदे, मगे बघ." मला तेव्हा राग आला होता.

उपाय त्यांनीच दाखवला. घरातला जुना चौरंग उलटा करून बघा, किंवा पाळण्याची कातीव दांडी. जिथे एक तुकडा दुसऱ्याला भेटतो तिथे कातारी सरळ रेघ ठेवत नाही. तिथे खाच असते, नाहीतर मणी असतो. नजर मण्यावर जाते, जोडावर जात नाही. बुचाचंही तसंच करायचं. तबकडी 25 ची असेल तर लाकडाची खालची कड 23.5 पर्यंत उतरवा. ही लहान मान साधारण 2 मिलिमीटर उंचीची ठेवा आणि तिच्या वर एक मणी काता, जो तबकडीपेक्षा थोडा मोठा, 26 किंवा 27 चा असेल. आता मान पावसात 23.8 झाली काय आणि उन्हाळ्यात 23.4 झाली काय, कोणाला पत्ता लागत नाही. तबकडीची कड अख्खी दिसते, तीही दागिन्याच्या कडीसारखी छान दिसते. माझ्या मते हेच जास्त देखणं आहे. ते दुकानातल्या फोटोतलं सलग पोट मला कधीच आवडलं नाही.

कातताना माप सांभाळायला एक सोपी युक्ती आहे. नायलॉनचा जाड वायसर 23.5 चा कातून घ्या आणि मँड्रेलवर, म्हणजे लेथवर तुकडा धरणाऱ्या दांड्यावर, तुकड्याआधी तो चढवा. हत्यार वायसरला टेकलं की थांबायचं. धातूच्या प्रत्येक नव्या खेपेत तबकडी मोजून बघा, पाव मिलिमीटर इकडे-तिकडे असतेच.

आता दुसरा दोष. तुमच्या तिसऱ्या फोटोत एका बुचाला लाकूड आणि तबकडी यांच्यामध्ये उजेड दिसतोय. तो पावसाचा नाही, तो भोकाचा आहे. आटे पाडायचं हत्यार, म्हणजे टॅप, आत जातो तसे तोंडाशी असलेले लाकडाचे तंतू वर उचलले जातात आणि भोकाभोवती केसाएवढी बारीक वरंबी तयार होते. डोळ्याला दिसत नाही, पण धातू तिच्यावरच टेकतो आणि बाकीची बैठक अधांतरी राहते. त्यासाठी भोकाचं तोंड दीड-दोन मिलिमीटर उतरतं करून घ्यायचं, टॅप फिरवण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा. शिवाय बैठक सपाट न ठेवता मधे अगदी किंचित खोलगट काढायची, तिरप्या पटाशीच्या टोकाने अर्धा मिलिमीटर. म्हणजे बाहेरची कडच टेकते.

क्रम असा ठेवा: 40 मिलिमीटर चौरस आणि 60-65 लांब तुकडा लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, धरला की टोक सपाट करणं, भोक, तोंड उतरतं करणं, आटे, हे सगळं त्याच एका पकडीत उरकायचं. मधे तुकडा काढून पुन्हा धरला की भोक तिरकं गेलंच म्हणून समजा, मग उजेड एकाच बाजूने दिसतो. भोक 8 मिलिमीटरचं, 28 खोल. ड्रिल करताना वेग पाचशे-सहाशे फेऱ्यांच्या वर नको आणि भुसा काढायला बिट दोन-तीनदा बाहेर घ्या. टॅप मात्र हाताने, लेथ बंद ठेवून, लेथच्या समोरच्या बाजूच्या टेलस्टॉकच्या टोकाचा आधार देऊन. पहिल्यांदा आटे पाडले की त्यात पातळ फेव्हिक्विकचे चार थेंब सोडा, पूर्ण सुकू द्या, मग टॅप पुन्हा फिरवा. आटे शिंगासारखे कडक होतात.

टॅप कोणता, यात बऱ्याच जणांची फसगत होते. बाहेरून येणाऱ्या बुचांच्या धातूला बहुतेक वेळा तीन सूत, म्हणजे 3/8 इंची, इंचाला 16 आट्यांचा दांडा असतो. आपल्या बाजारात हार्डवेअरवाला सवयीने एम 10 चा, म्हणजे 10 मिलिमीटरचा, टॅप काढून देतो. दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात. पण 3/8 म्हणजे 9.5 मिलिमीटर आणि आट्यांतलं अंतर 1.59, तर एम 10 चं अंतर 1.5. एम 10 च्या भोकात तीन सुती दांडा डुगडुगतो आणि बूच दर ओढीला सैल होतं. "तीन सूत विटवर्थ" म्हणून मागा. विटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, आट्यांचा कोन 55 अंशांचा आणि अमेरिकन दांड्याचा 60 चा, पण इंचाला 16 दोन्हीकडे, लाकडात तेवढा फरक चालून जातो.

धातूचं सांगतो, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालंय. ती दोन बुचं स्टीलची नव्हतीच. बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम, वर निकल-क्रोमचा मुलामा. आगळात आमसुलाची आंबटी आणि वर मिठाचा मारा, दोन्ही एकत्र. मुलाम्याला सुईएवढं छिद्र पडलं की खालचं जस्त खाल्लं जातं आणि मुलामा पापुद्र्यासारखा उठतो. त्यात मालवणची खारी हवा. लोहचुंबकाने ओळखायला जाऊ नका. चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि जस्तही चिकटत नाही, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. दांड्याच्या टोकाला, जिथे दिसणार नाही तिथे, कानस मारा. मऊ लागलं आणि पांढुरक्या मुलाम्याखाली मळकट राखाडी रंग दिसला तर ते आगळ, सिरका, वाइन कशावरच वापरू नका. आतून-बाहेरून एकच रंग आणि कानस घसरते आहे असं वाटलं तर स्टील. 304 प्रतीचं स्टील घरगुती वापराला पुरतं, बूच आठवड्याला धुतलं तर. किनाऱ्यावर, रोज आगळात, असेल तर 316 घ्या, मिठापुढे ते जास्त तग धरतं.

पितळेचा मोह मलाही झाला होता, फणसाच्या पिवळ्या रंगाशी ते फार जुळतं. पण आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, म्हणून तर भांड्यांना कल्हई करायचे. बुचाच्या टोपीला हवं तर पितळेचा मणी बसवा, बाटलीत उतरणारा भाग पितळेचा नको.

रबरी रिंगाही बघा. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण 18.5 मिलिमीटर असतं, तुम्ही आगळासाठी वापरता त्या जुन्या बाटल्यांचं कमी-जास्त असेल, ते मोजूनच धातू मागवा. रिंगा सिलिकॉनच्या हव्यात. खोबरेल तेलाच्या बाटलीवर साधं रबर फुगतं आणि बूच निघता निघत नाही.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. फणस उत्तम आहे, फक्त गाभ्याचं पिवळं घ्या. बाहेरचं पांढरं लाकूड किडा पोखरतो. सागाची फुग सगळ्यात कमी, ज्याला जोडाची काळजी वाटते त्याने साग धरावा. किंजळ आणि ऐन जड, टोकाला धार नसेल तर उचकटतात, पण चमक अशी येते की पॉलिश लागत नाही. माडाचं लाकूड दिसायला सुंदर, काळ्या टाचण्यांसारखे ठिपके, पण ते नुसते तंतूंचे जुडगे, आटे धरत नाहीत. त्यात खैराची किंवा सागाची खुंटी बसवून तिच्यात आटे पाडावे लागतात. जुन्या घराच्या मोडलेल्या वाशांचे तुकडे मिळाले तर सोडू नका, इतकं मुरलेलं लाकूड विकत मिळत नाही. आधी चुंबक फिरवून खिळे शोधा. आणि आपल्याच परसातलं झाड म्हणून फणस, आंबा, किंजळ, ऐन, खैर परवानगीशिवाय तोडू नका. 1964 च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही सगळी आहेत.

आता लाख. मला लाखेइतकं लेथवर दुसरं काही आवडत नाही. तुकडा फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची, घासण्याच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पट्ट्या-पट्ट्यांनी बसते. मग केवड्याचं पान, काटे तासून, दोन बोटांत घडी करून दाबून धरायचं. त्या पट्ट्या डोळ्यांदेखत एकजीव होतात आणि खालून काच वर आल्यासारखी झिलई येते. वास घरभर राहतो. पण लाख दारूत विरघळते. मी एकदा गोव्यातल्या एका लग्नासाठी लाल-पिवळ्या लाखेची चाळीस बुचं करून दिली होती. फेणीच्या बाटल्यांवर गेली. फेणीत 42 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. ओतताना ओघळ आला, बूच ओल्या टेबलावर ठेवलं, दुसऱ्या दिवशी बुचांवर बोटांचे ठसे आणि टेबलाच्या कापडावर लाल वर्तुळं. मी सगळे पैसे परत केले. 2020 मध्ये सॅनिटायझर लावलेल्या हातांनीही तेच केलं. तेव्हापासून माझा नियम आहे: मध, तेल, सरबत यांच्या बाटलीला लाख, दारूच्या बाटलीला कधीही नाही. तिथे दोन हात पातळ पॉलियुरेथेन, 400 च्या पेपरने मधे घासून. लाख चढवायची तर मानेच्या खाली आणि बैठकीला उतरू देऊ नका, ओल तिथूनच शिरते आणि लाखेवर पांढरे डाग येतात. पारंपरिक खेळण्यांचं पांगाऱ्याचं लाकूड लाखेला सोपं, पण आट्यांना फार मऊ, त्यातही खुंटी लागेल.

दांडा चिकटवायचा का, हेही विचारतील तुमचे गिऱ्हाईक. ओढताना माणूस बूच डावीकडे पिळतो आणि टोपी हातात येते. विक्रीच्या बुचांना आट्यांवर अरल्डाइटचा एक थेंब लावा. घरच्यांना नको, म्हणजे धातू बदलता येतो.

राहिली तुमची हातातली नऊ बुचं. ती आत्ता अजिबात कातू नका. आज फुगलेलं लाकूड धातूबरोबर सपाट केलंत तर फेब्रुवारीत ते आकसून आत जाईल आणि धातूची धार बोटाला लागेल, म्हणजे दोष उलटा. धातू काढून ठेवा, लाकडं चुलीवरच्या फळीवर किंवा फ्रिजमागे, हवा खेळेल अशी ठेवा. दिवाळी होऊन थंडी पडली, अंगणात भात वाळायला लागलं की मँड्रेलवर चढवून 23.5 ची मान काढा. मणी काढायला वर माल उरला नसेल तर नुसती खाच घाला, तीही चालते. काळी पडलेली दोन धातूंची टोकं कानस मारून बघा आणि त्याचा जवळून फोटो टाका, जस्त आहे की आणखी काही ते सांगतो.