बिग बॉस मराठी कधीच बघितलं नाही, पहिल्या पाचातला कुठला सीझन आधी बघू? पाचवा एवढा का गाजला?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं बाहेर असल्यामुळे बिग बॉस मराठी बघायचा योगच आला नाही, सुट्टीत घरी आलात तर जेवणाच्या टेबलावर सगळे पाचवा सीझन जिंकलेल्या सूरज चव्हाणवर तावातावाने बोलत होते आणि तुम्हाला ओ की ठो कळेना, आणि वर हेही विचारलंय की हे सगळं स्क्रिप्टेड असतं का. बरोबर माणसाला विचारलंत. (खेळ एवढाच, की काही लोकांना कॅमेऱ्यांच्या घरात कोंडायचं, प्रेक्षकांच्या मतांवर एकेक बाहेर जाणार, आणि शेवटी उरेल तो विजेता.) आमच्या घरी रात्री नऊला रिमोटला हात लावायची कोणाची टाप नसायची.

तर आधी पहिला सीझन बघा. हो, पहिला, पाचवा नाही. पाचवा गाजला यात वाद नाही, पण खेळ म्हणून बघायचा असेल तर २०१८ च्या पहिल्याला तोड नाही. आणि माझं एक ठाम मत आहे, भांडायचं असेल त्यांनी खाली भांडा: पाचही सीझनमध्ये घरातली सगळ्यात हुशार खेळाडू आणि जिंकलेली व्यक्ती एकच, असं फक्त पहिल्यातच झालं. मेघा धाडे. बाकी चारही वेळा महाराष्ट्राने ट्रॉफी दिली ती "हा आपल्यातला आहे" म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण हे डोक्यात ठेवून बघितलं की पाचव्याचा निकाल अजिबात आश्चर्याचा वाटत नाही.

पहिला सीझन एप्रिल २०१८ मध्ये कलर्स मराठीवर सुरू झाला, महेश मांजरेकर होस्ट, घर लोणावळ्याचं, म्हणजे जिथे तेव्हा हिंदी बिग बॉसचं व्हायचं तिथलंच. आत कोण कोण होतं बघा, उषा नाडकर्णी, रेशम टिपणीस, आस्ताद काळे, स्मिता गोंदकर, सुशांत शेलार, जुई गडकरी, भूषण कडू, अनिल थत्ते, आणि मेघा, सई लोकूर, पुष्कर जोग हे त्रिकूट. तेव्हा मराठीत कोणालाच माहीत नव्हतं की हा शो खेळायचा कसा. त्यामुळे अर्धे लोक पिकनिकला आल्यासारखे वागत होते आणि मेघा मात्र पहिल्या दिवसापासून अभ्यास करून पेपरला बसल्यासारखी. खुर्ची सम्राट नावाचा टास्क होता, खुर्चीवर बसून राहायचं आणि समोरच्यांनी काय वाट्टेल ते करून उठवायचं, तो बघताना आमची आजी टीव्हीला शिव्या घालत होती की काय मेले माणसं आहेत का कोण आहेत. उषाताईंचा (घरात सगळे आऊ म्हणायचे) तोंडाचा पट्टा सुरू झाला की तर विचारूच नका. आणि शेवटी शेवटी त्या तिघांच्या मैत्रीला जे तडे गेले ते बघताना खरंच वाईट वाटतं, कारण ते कॅमेऱ्यासाठी होतंय असं वाटतच नाही. मेघा जिंकली, पुष्कर दुसरा. मग मेघा त्याच वर्षी हिंदी बिग बॉसच्या बाराव्या सीझनमध्ये वाइल्ड कार्ड म्हणून, म्हणजे मध्येच आत सोडलेली स्पर्धक म्हणून गेली, पण तिथे इथल्यासारखं जमलं नाही.

दुसरा २०१९ चा, घर गोरेगावच्या फिल्मसिटीत आलं. हा बघा तो दोन गोष्टींसाठी. एक, अभिजीत बिचुकले. साताऱ्याचे, स्वतःला काय काय म्हणवून घेणारे, आणि सीझन चालू असताना चेक बाऊन्सच्या प्रकरणात पोलीस त्यांना सेटवरूनच घेऊन गेले! असं कुठल्या सिरियलमध्ये लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात. बरं नंतर ते परत घरात आले, आणि त्याच वर्षी विधानसभेला वरळीतून आदित्य ठाकरेंसमोर उभेही राहिले. दुसरी गोष्ट शिव ठाकरे. अमरावतीचा पोरगा, रोडीज हा हिंदी रिअॅलिटी शो करून आलेला, मराठीतल्या घराघरात कोणी ओळखत नव्हतं, आणि बघता बघता नेहा शितोळेसारख्या पक्क्या खेळाडूला मागे टाकून जिंकला. वीणा जगतापबरोबरचं त्याचं प्रकरण म्हणजे त्या वर्षीचा राष्ट्रीय विषय होता, आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गट पडले होते, एक म्हणे लग्न करणार आणि एक म्हणे शो संपला की संपलं. बाहेर आल्यावरही काही काळ टिकलं, मग वेगळे झाले. पुढे शिव हिंदीच्या सोळाव्या सीझनमध्ये गेला, तिथे त्याच्या गटाला चक्क "मंडली" म्हणायचे, आणि २०२३ च्या फिनालेला शेवटचे दोघे उरले ते शिव आणि पुण्याचा एमसी स्टॅन. स्टॅन जिंकला. आमच्याकडे त्या रात्री सुतकच होतं.

तिसरा (२०२१) आणि चौथा (२०२२-२३) मी तुम्हाला पूर्ण बघा असं म्हणणार नाही, वेळ असेल तर बघा. तिसऱ्यात सांगली जिल्ह्यातला विशाल निकम जिंकला. चौथ्यात कळव्याचा अक्षय केळकर, वडील रिक्षा चालवायचे, त्याने अपूर्वा नेमळेकरला हरवलं, आणि अपूर्वा म्हणजे "रात्रीस खेळ चाले"मधली आपली शेवंता हो, तिच्यापुढे टिकणं सोपं नव्हतं. आता बघा, अमरावती, सांगली, कळवा, पुढे बारामती तालुका. लक्षात येतंय ना मी काय म्हणतोय ते? मुंबई-पुण्यातले आम्ही लोक पोस्टवर पोस्ट टाकून कोण चांगलं खेळलं त्याचं विश्लेषण करत बसतो, मतं देणारी घरं वेगळीच असतात आणि ती गप्प असतात.

पण या दोन सीझनचं गॉसिप मात्र एक नंबर. विशाल आत बसून कोणत्यातरी "सौंदर्या"बद्दल बोलायचा आणि बाहेर आख्खा महाराष्ट्र शोधतोय की ही सौंदर्या कोण. पुढच्याच सीझनला अक्षयने तोच प्रकार केला, त्याची "रमा". नाव सांगेना, फोटो दाखवेना, जिंकून बाहेर आला तरी सांगेना. लोकांना वाटलं असं कोणी नाहीच, मतांसाठी सोडलेली पुडी आहे. आणि मग २०२४ संपता संपता त्याने जाहीर केलं, गायिका-गीतकार साधना काकतकर, आणि २०२५ मध्ये लग्नही केलं. म्हणजे रमा खरी निघाली! मी तर म्हणतो ट्रॉफीपेक्षा मोठा विजय हाच. आणि चौथ्यातच प्रसाद जवादे आणि अमृता देशमुख, घरात त्यांचं चाललंय का नाही चाललंय यावर लोक पैजा लावत होते, त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये लग्न करून सगळ्यांची तोंडं बंद केली. बिग बॉसमधली प्रेमं टिकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण फेकून मारतो.

आता पाचवा. २८ जुलै २०२४. मांजरेकर गेले, रितेश देशमुख आला, आणि आधी सगळे नाकं मुरडत होते, त्यात मीही, कारण मांजरेकर शनिवार-रविवारी जी शाळा घ्यायचे ती सवय लागली होती आणि रितेश कसा गोड बोलणारा माणूस, हा काय ओरडणार. पण पहिल्याच आठवड्यात काय झालं ते बघा. निक्की तांबोळी, जी हिंदीचा चौदावा सीझन करून आलेली, म्हणजे या खेळात मुरलेली, ती वर्षा उसगांवकरांशी ज्या टोनमध्ये बोलली ना, अहो ज्या बाईला आपल्या आईवडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतलं, गोव्याची ती, तिला असं? सगळीकडे नुसता संताप. आणि भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे रितेशच्या वीकेंडच्या एपिसोडचं नाव ते, त्याने निक्कीला असं काही सुनावलं, आवाज फार न चढवता, आणि माफी मागायला लावली. तिथेच सीझन बसला. पुढे जान्हवी किल्लेकर पंढरीनाथ कांबळेंच्या, आपल्या पॅडीदादांच्या, अभिनयावरून वाट्टेल ते बोलली तेव्हा तिला त्याने थेट घरातल्या जेलमध्ये पाठवलं. दर शनिवारी लोक टास्क नाही, भाऊ कोणाला धुणार ते बघायला बसायचे. (शेवटच्या काही आठवड्यांत भाऊच नव्हता धक्क्यावर, तेव्हा आमची फार चिडचिड झाली, पण ते जाऊ दे.)

गंमत म्हणजे ज्या निक्कीला सगळे शिव्या घालत होते तिचाच "बाईऽऽ, हा काय प्रकार" लहान पोरं शाळेत म्हणत होती. तिच्याशिवाय हा सीझन महिनाभरात झोपला असता हे तिचा राग करणारेही मान्य करतात, चारचौघात नाही, खाजगीत. अरबाज पटेलबरोबरचं तिचं प्रकरण, आर्या जाधवने तिला कानाखाली मारली आणि त्यावरून आर्याला घराबाहेर काढलं तो दिवस, हे सगळं निक्कीभोवतीच फिरत होतं. आर्या गेली त्या रात्री आमच्या सोसायटीतल्या दोन काकू जिन्यात उभ्या राहून भांडत होत्या, एक म्हणे हात उचलला म्हणजे बाहेरच, नियम तो नियम, दुसरी म्हणे मी असते तर दोन लगावल्या असत्या. लिफ्ट तीनदा येऊन गेली.

आणि सूरज. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, आईवडील लहानपणीच गेले, बहिणींनी वाढवलं, शाळा अर्धवट, आणि रील्समुळे "गुलीगत धोका", "झापुक झुपूक", "बुक्कीत टेंगूळ" हे शब्द आधीच सगळीकडे पोचलेले. तो घरात आला तेव्हा मी म्हटलं याला आणलाय हसायला, दोन आठवड्यांत जाईल. पण तो गप्पच. कोणाच्या मागे बोलायचा नाही, टास्क आला की जीव तोडून खेळायचा, बाकी वेळ एका कोपऱ्यात. स्ट्रॅटेजी वगैरे शून्य. त्यामुळे "सूरज खेळला तरी काय?" हा प्रश्न अजून विचारला जातो आणि तो प्रश्न चुकीचा नाही. अभिजीत सावंत त्याच्यापेक्षा जास्त विचार करून खेळला, अंकिता वालावलकर आणि धनंजय पोवार, म्हणजे डीपीदादा, यांनी जास्त करमणूक केली. पण मत खेळाला पडत नाही हो, माणसाला पडतं. ६ ऑक्टोबर २०२४ ला फिनालेच्या स्टेजवर एका बाजूला सूरज आणि दुसऱ्या बाजूला अभिजीत उभे होते तेव्हा मला तेच दिसत होतं, हा अभिजीत म्हणजे २००५ चा पहिला इंडियन आयडॉल, तेव्हा आम्ही घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवरून त्याला एसेमेस पाठवले होते, साधा घरचा मराठी मुलगा म्हणून. एकोणीस वर्षांनी तेच मत सूरजला गेलं.

बक्षीस १४ लाख ६० हजार. जान्हवी शेवटच्या क्षणी ट्रॉफीचा नाद सोडून ९ लाखांची बॅग घेऊन निघाली, चौथ्यात राखी सावंतनेही हेच केलं होतं, आणि मला विचाराल तर दोघींनी डोकं वापरलं. सूरजला त्याच स्टेजवर केदार शिंदेंनी सिनेमा जाहीर केला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी घर बांधून देतो म्हटलं. सिनेमा एप्रिल २०२५ मध्ये आला पण थिएटरमध्ये काही चालला नाही, टीव्हीवर फुकट बघणारे आणि मत देणारे लोक तिकीट काढतीलच असं नसतं. घर झालं, नोव्हेंबर २०२५ मध्ये लग्न झालं. अंकिताचंही त्याच वर्षी फेब्रुवारीत झालं, संगीतकार कुणाल भगतशी.

एक वादाचा मुद्दा राहिला, सीझन १०० दिवसांचा नव्हता, ७० दिवसांत गुंडाळला. त्यावर हजार अफवा. मी एवढंच सांगतो की मराठीची फिनाले ज्या रविवारी झाली त्याच रविवारी हिंदीचा अठरावा सीझन सुरू झाला. बाकी तुम्ही समजून घ्या.

आता स्क्रिप्टेडचं. संवाद लिहून देत असतील असं मला वाटत नाही, कारण आपल्या मराठी सिरियलचे लिहिलेले संवाद आपण रोज ऐकतो, ते असे अर्धवट आणि एकमेकांवर चढून बोललेले नसतात. पण चोवीस तासांतला तासभर दाखवायचा म्हटल्यावर कोण व्हिलन दिसणार हे एडिटच्या टेबलावरच ठरतं. आणि खरी कलाकारी होते ती माणसं निवडतानाच. तिसऱ्या सीझनला स्नेहा वाघ आणि आविष्कार दारव्हेकर, म्हणजे घटस्फोट झालेले नवरा-बायको, एकाच घरात सोडले होते. त्यांना अजून काय स्क्रिप्ट द्यायची? पाचव्यातही तसंच, वर्षाताईंच्या समोर निक्की, कीर्तनकार पुरुषोत्तमदादांच्या शेजारी रीलवाले, सिरियलवाल्यांमध्ये सूरज. काडी लावायचीही गरज नाही. आणि ते आदेश देणारा जो भारदस्त आवाज आहे ना, तो रत्नाकर तारदाळकरांचा, त्या आवाजाला तर आम्ही घरातलाच एक मानतो.

तुम्ही बाहेर आहात म्हणजे सगळं सलग बघणं काही होणार नाही, तर पहिल्याचे रोजचे एपिसोड बघा आणि पाचव्याचे नुसते भाऊचे धक्के बघितलेत तरी चालेल, जेवणाच्या टेबलावर बोलायला तेवढं पुरे. दुसऱ्याचा बिचुकलेंचा आठवडा मात्र सोडू नका. आणि घरच्यांसमोर "सूरज खेळलाच नाही" हे वाक्य जेवण पूर्ण वाढून झाल्यावरच बोला.