पाश्चात्त्य चित्रांमधली 'सुंदर' शरीरं काळानुसार इतकी वेगळी का दिसतात?

ग्रीक पुतळ्यांपासून एदुआर मानेच्या चित्रांपर्यंत सौंदर्याची कल्पना कुठे बदलली आणि ते चित्र पाहून कसं ओळखायचं, असा तुमचा प्रश्न आहे. माझा सल्ला: आधी पट्टी घ्या.

समोरून दिसणारी उभी आकृती निवडा. हनुवटीपासून टाळूपर्यंतचं अंतर मोजा आणि पूर्ण उंचीत ते किती वेळा बसतं ते पाहा. मान कललेली असेल तर डोकं खरं आहे त्यापेक्षा लहान भरतं. पुतळ्याचा फोटो खालून काढलेला असेल तर पाय लांब निघतात, म्हणून कॅमेरा पुतळ्याच्या कमरेच्या पातळीवर असलेला फोटो शोधा.

ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसचा भालाधारी, 'डोरिफोरस', इ.स.पू. 440च्या सुमाराचा. मूळ ब्राँझ उरलेलं नाही. पॉम्पेईतली संगमरवरी रोमन प्रत नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उंची साधारण सात डोकी. भार उजव्या पायावर, म्हणून उजवी कंबर वर आणि उजवा खांदा खाली. ही उलटसुलट तिरकी रेषाच त्या सौंदर्याचा गाभा आहे. (पायाशी असलेला झाडाचा बुंधा प्रत करणाऱ्याची भर आहे, आधाराशिवाय संगमरवर घोट्यापाशी तुटतो.) शंभरेक वर्षांनी लिसिपस या ग्रीक शिल्पकाराने डोकं लहान केलं, शरीर सडपातळ झालं आणि प्रमाण आठ डोक्यांवर गेलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अशाच पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन शिकवलं जाई, त्यामुळे हे माप आपल्याही नजरेत मुरलं आहे.

आता बेल्जियममधल्या गेंटच्या वेदीचित्रातली (चर्चच्या वेदीवरचं चित्र), चित्रकार यान व्हान आयकची ईव्ह (1432) पाहा. अरुंद खांदे, वर सरकलेले लहान स्तन, पुढे आलेलं पोट. छाती ते नाभी हे अंतर ग्रीक मूर्तीपेक्षा खूपच लांब. हे अज्ञानातून आलं असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. अंगावरचे केससुद्धा टिपणाऱ्या चित्रकाराला शरीर दिसत नव्हतं, असं कसं म्हणणार? त्याच्या काळाला तोच बांधा सुंदर वाटत होता.

चित्रकार रुबेन्सपाशी पट्टी कमी पडते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या 'थ्री ग्रेसेस'मध्ये (1630च्या दशकातलं चित्र) सौंदर्य त्वचेत आहे: सावलीकडे वळताना निळसर-करडी छटा, सांध्यांवर लाली, वळ्यांवर पिवळसर उजेड. छापील प्रतीत नेमकं हेच आधी मरतं, म्हणून रुबेन्स केवळ लठ्ठ बायका काढणारा वाटतो.

फ्रेंच चित्रकार अँग्रची 'ग्रांद ओदालिस्क' (1814), म्हणजे जनानखान्यातली दासी, आडवी आहे, तिथे डोकी मोजून चालणार नाही. मानेपासून कमरेपर्यंत बोट फिरवा. पाठ संपतच नाही. मणके जास्त आहेत, अशी तक्रार तेव्हाच्या टीकाकारांनीही केली होती. अँग्रला अखंड वाहती रेषा हवी होती, त्यासाठी त्याने हाडं बाजूला ठेवली.

एदुआर मानेच्या 'ऑलिम्पिया'त (1863, प्रदर्शन 1865) प्रमाणांत असं काही ताणलेलं नाही, तरी पॅरिसचे प्रेक्षक संतापले. कारण समजून घ्यायला तिच्याशेजारी टिशियनची 'व्हीनस ऑफ अर्बिनो' (1538) ठेवा आणि मोबाईलवर दोन्ही कृष्णधवल करा. टिशियनचं शरीर उजेडातून सावलीत हळूहळू उतरतं. मानेने मधल्या छटा जवळजवळ गाळल्या आहेत: सपाट पांढरं अंग, गडद कडा, आणि बघणाऱ्याला थेट रोखून पाहणारे डोळे.