विंडोज पुन्हा टाकलं तर फोटो आणि लेख जातात का?

तुमचा प्रश्न असा: ऐरोलीच्या घरातला लॅपटॉप सुरू होतो, पण थोड्या वेळानं अडकतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकावं लागेल. मग फोटो आणि आजोबांनी टाइप केलेले मराठी लेख राहतील का?

फॉरमॅट मारलेल्या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. फॉरमॅट न करताही विंडोज पुन्हा टाकता येतं, तेव्हा फायली राहू शकतात. तरी लॅपटॉप दुकानात नेण्याआधी त्यांची कॉपी तुम्ही स्वतः काढा.

मी नौपाड्यात डीटीपीचं काम करतो. २०१४ साली माझा कॉम्प्युटर असाच दुरुस्तीला दिला होता. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग होते, विंडोज सी ड्राइव्हवर. ‘डी ड्राइव्हला हात लावणार नाही,’ असं दुकानातल्या मुलानं सांगितलं आणि त्यानं शब्द पाळलाही. पण बाबांच्या आठवणींचं फोल्डर डेस्कटॉपवर होतं, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हेही मुळात सीवरच. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. साठेक पानं गेली, आणि ती पुन्हा लिहायला बाबा नव्हते.

म्हणून एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडा, सी ड्राइव्हमधलं यूझर्स उघडा आणि तुमच्या नावाचं फोल्डर कॉपी करा. लॅपटॉप मध्येच अडकतो म्हणता, तर सगळं एकदम ओढू नका. आधी लेख, मग फोटो एकेका वर्षाचे. कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फायली खरोखर उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे कॉपी नीट झाली असं नाही. आतल्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र लगेच थांबा. ती डिस्कच जायला आली आहे. नवं विंडोज टाकून काही होणार नाही, आणि लॅपटॉप चालू ठेवाल तेवढा धोका वाढेल.

घरी टॅली, म्हणजे हिशेबाचा प्रोग्रॅम, असेल तर त्याचा डेटा बहुतेक तुमच्या फोल्डरबाहेर असतो. टॅलीतच डेटाचा पाथ दिसतो, तो बघून ते फोल्डर वेगळं घ्या. क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड गूगल खात्याशी सिंक करून, म्हणजे खात्यातही साठवून, ठेवा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून घेऊन कागदावर लिहून ठेवा. ऐनवेळी ती मागितली आणि सापडली नाही, तर फायली डिस्कवर असूनही उघडत नाहीत.

एवढं झालं की बाकीचं सोपं आहे. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे ‘रीसेट धिस पीसी’ आणि त्यात ‘कीप माय फाइल्स’. फायली राहतात, तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात. चार्जर लावूनच करा, मध्ये बॅटरी संपू देऊ नका. त्याच लॅपटॉपवर तेच विंडोज आधी रीतसर चालू असेल तर विंडोजची नवी की, म्हणजे परवान्याचा कोड, विकत घ्यावी लागत नाही. कुणी मागितलीच, तर कशासाठी ते नीट विचारा. पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायची वेळ आलीच, तर पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, यादीत डिलीट किंवा फॉरमॅट दाबू नका. जुन्या फायली विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये जातात. पण त्यांच्या भरवशावर राहू नका, साधारण १० दिवसांत विंडोज ते फोल्डर स्वतःच पुसून टाकतं.

आता आजोबांचे लेख. ते श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर फाइल सुरक्षित राहूनही वाचता येणार नाही. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. फॉन्ट असतात विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये, म्हणजे तेही रीसेटमध्ये जातात. तेव्हा फॉन्टच्या फायली वेगळ्या कॉपी करा, आणि लॅपटॉप चालतोय तोवर प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेवा. वर्डमध्ये एखादा लेख उघडून फॉन्टचं नाव काय दिसतं ते इथेच लिहा. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, कसा आणायचा, ते मी सांगतो.