पहिल्या आठवड्यात खचू नकोस

अगं, नाशिकजवळच्या गोवर्धन गावी, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात तुझी इंटर्नशिप लागली, मनापासून आनंद झाला. सुरुवातीचे आठ-दहा दिवस कदाचित कुणी धड कामच सांगणार नाही. मी दुसरीकडे इंटर्न होते, तिथे महिनाभर नुसत्या फायली लावल्या, घरी येऊन रडलेसुद्धा. पण प्रवेशअर्ज नेमका कुठे अडकतो, हे मला त्याच फायलींनी शिकवलं. तू तर १९८९ पासून नोकरदार, शेतकरी, गृहिणींना शिकवणाऱ्या ठिकाणी जातेयस. अभ्यासकेंद्रावरून एखादीचा फोन आला तर घाईने ठेवू नकोस. संसार सांभाळून पदवी घेणाऱ्या बाईची अडचण तिच्याच तोंडून ऐकायला मिळणं, मला तरी सगळ्यात मोलाचं वाटतं.

तासांची नोंद मात्र रोजच्या रोज, तारीख घालून, सही घेऊनच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशोबात इंटर्नशिपचं एक क्रेडिट (श्रेयांक) म्हणजे ३० तास. माझी वही अर्धवट राहिली आणि शेवटी सह्यांसाठी आठवडाभर खेटे घालावे लागले. विद्यावेतन मिळणार का, किती, हे पत्रात लेखी आहे ना, आजच बघ. आणि परतीची शेवटची सिटीलिंक बस किती वाजता, तेही पहिल्याच दिवशी विचारून घे.