तंतुकणिकेतला तंतू आणि ऊतीतलं विणकाम

सोलापूरच्या एका पालकांचा प्रश्न आहे. आठवीतल्या लेकीचा पेशी आणि पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या भागांचा, पाठ घेताना ती म्हणाली, "बाबा, तंतुकणिका चित्रात घेवड्याच्या बीसारखी दिसते. मग नावात तंतू कशाला?" त्यांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी सोबत दुसरी शंकाही जोडली आहे: टिश्यूला, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला, मराठीत 'ऊती' म्हणायचं की 'ऊतक'?

हा प्रश्न सोलापुरातून यावा याचा मला फार आनंद झाला, कारण दोन्ही शब्दांची मुळं विणकराच्या मागावर आहेत. माझं लहानपण सोलापूरच्याच पूर्व भागात गेलं. घरोघरी माग, गल्लीत धोट्याचा आवाज, दारात कांड्या भरत बसलेल्या बायका. ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी कळत होतं.

आधी तंतुकणिका, म्हणजे इंग्रजीतलं मायटोकाँड्रिया. 1898 साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने रंग देऊन पेशी पाहिल्या, तेव्हा त्याला बारीक कण दिसले आणि त्यातले काही एकामागे एक लागून धाग्यासारखे झालेले दिसले. त्याने ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले: 'मिटोस' म्हणजे धागा, 'कोंड्रिऑन' म्हणजे छोटा कण. मायटोकाँड्रिया हे नाव तिथून आलं आणि मराठीने ते जसंच्या तसं उतरवलं, तंतू अधिक कणिका. यातला 'मिटोस' मुळात मागावरचा धागा. आपला 'तंतू'ही 'तन्' म्हणजे ताणणे या धातूपासून झालेला, म्हणजे ताण्याचाच नातलग. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात माग होता की नव्हता, कोण जाणे, पण जोडी इतकी नेमकी बसली आहे की मला दरवेळी कौतुक वाटतं.

आता घेवड्याच्या बीचं. पुस्तकातली आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून काढलेली असते आणि त्यासाठी पेशीचे अतिशय पातळ काप घ्यावे लागतात. लांब पडवळ आडवं चिरलं तर चकतीच दिसणार. जिवंत पेशीत तंतुकणिका पुष्कळदा लांबट असतात, एकमेकींना जुळतात, पुन्हा तुटतात. तेव्हा लेकीला सांगा, नावात तंतू आहे तो खराच आहे, चित्रात आपल्याला त्याचा काप दिसतो. 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि ते बरोबरच आहे, कारण अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात इथे तयार होते. आतलं पटल घड्या पडलेलं असतं ते त्यासाठीच, घड्यांमुळे कामाला जागा वाढते. फक्त कामासोबत नावही समजावून दिलं, तर ते विसरायला होत नाही.

बाकीची नावंही अशीच फोडून पाहावीत. 'अंगक' म्हणजे छोटं अंग, तो 'क' लहानपणा दाखवतो, 'केंद्रक'मध्येही तोच. 'आंतर्द्रव्यजालिका' (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) उच्चारायला जड, पण जालिका म्हणजे बारीक जाळी एवढं कळलं की आकृती डोळ्यांपुढे येते. 'लयकारिका'मधली (लायसोसोम) 'लय' गाण्यातली नव्हे, 'विलय'मधली. निकामी झालेले भाग विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने विरघळवणारी, म्हणून लय करणारी. इथली 'इका' मात्र लहानपणाची नाही, 'कारक'चं ते स्त्रीलिंगी रूप आहे. 'रिक्तिका' (व्हॅक्युओल, पेशीतली साठवणीची पिशवी) या नावावर माझा थोडा आक्षेप आहे. वनस्पतीच्या पक्व पेशीत तीच निम्म्याहून अधिक जागा व्यापते आणि ती पाण्याने, क्षारांनी, साखरेने भरलेली असते. तिला रिकामी म्हणणं अन्याय आहे. पण मूळ युरोपीय नावातच 'रिकामी' हा अर्थ आहे, आपण तो घेतला.

आता ऊती. संस्कृतात 'वे' धातू म्हणजे विणणे. त्यावरून ऊत म्हणजे विणलेलं आणि ऊति म्हणजे विणकाम. 'ओतप्रोत' हा आपल्या रोजच्या वापरातला शब्दही याच धातूचा. अनेकांना तो 'ओतणे'शी जोडलेला वाटतो, पण त्याचा मूळ अर्थ उभं-आडवं विणलेलं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सारं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? प्रश्न एका विदुषीचा, पण भाषा विणकराची.

गंमत म्हणजे 'टिश्यू'ही फ्रेंचमध्ये विणलेलं कापडच. शरीराच्या बाबतीत तो शब्द रूढ केला झेवियर बिशा या फ्रेंच वैद्याने, 1800 च्या सुमारास. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता. प्रेतांचे भाग हाताने सोलून, भिजवून, उकळून त्याने 21 प्रकारच्या ऊती वेगळ्या मांडल्या. कापडाचा पोत बोटांनी ओळखावा तसंच हे काम. म्हणून 'ऊती' मला नुसता पारिभाषिक शब्द वाटत नाही, ते मूळ कल्पनेचंच भाषांतर आहे.

'ऊतक' चुकीचा नाही. हिंदीत तोच रूढ आहे आणि मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांतही ऊतक आणि कोशिका हे शब्द भेटतात. शालेय पुस्तकांत मात्र ऊती आणि पेशी आहेत, तेव्हा लेकीने तेच लिहावेत. 'पेशी'बद्दल एक सावधगिरी: सुश्रुतसंहितेत शरीरात 500 पेशी सांगितल्या आहेत, तिथे पेशी म्हणजे स्नायू. हिंदीतल्या 'मांसपेशी'त तो जुना अर्थ टिकून आहे, मराठीत पेशी म्हणजे सेल.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. एकटा शब्द असेल तर 'तंतू', 'ऊती'; समासात पहिला आला की त्याचा शेवट ऱ्हस्व होतो, म्हणून 'तंतुकणिका', 'ऊतिसंवर्धन' (टिश्यू कल्चर). हा शेवटचा शब्द करमाळ्याकडच्या केळीच्या बागेत कुणी वापरत नाही. तिथे 'टिश्यूची रोपं' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.