एचडीचे जास्तीचे पैसे द्यावेत का?

या महिन्यातल्या टीव्हीबद्दलच्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या रूपांत आली आहे: एचडीला जे जास्त मोजतो, ते चित्रात दिसतं का? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (कोथरूड): आमचा हॉल दहा बाय पंधराचा. टीव्ही ३२ इंची, सोफा समोरच्या भिंतीला, म्हणजे डोळे आणि पडदा यांत साधारण दहा फूट. केबलवाला म्हणतो, एचडी घ्या, जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरंच आहे का?

उत्तर: तुमच्या हॉलमध्ये नाही. हे मोजून ठरवता येतं. टेप घ्या आणि फ्रेम सोडून नुसत्या काचेची उंची मोजा. आपल्याकडच्या साध्या एसडी चित्रात ५७६ आडव्या रेषा असतात, एचडीत १०८०. निरोगी नजरेला उंचीच्या सहापटीपलीकडून एसडीच्या रेषाही सुट्या दिसत नाहीत. एचडीचा सगळा बारकावा दिसायचा तर तिपटीच्या आसपास बसावं लागतं. या दोन अंतरांच्या मधे जितकं पडद्याजवळ, तितका फरक जास्त.

३२ इंची टीव्हीची उंची ४० सेंटीमीटर, म्हणजे तिप्पट चार फूट आणि सहापट आठ फूट. तुम्ही दहावर बसता. ४३ इंचीला हेच आकडे सव्वापाच आणि साडेदहा फूट होतात, तेव्हा दहा फुटांवरून फरक असून नसल्यासारखा. ५५ इंचीला पावणेसात आणि साडेतेरा. तिथे मात्र एसडी चित्र सोफ्यावरूनच धुरकट दिसेल. लोक मोठा टीव्ही घेतात आणि 'जुन्यापेक्षा वाईट दिसतो' म्हणून दुकानदाराशी भांडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता एक पण. एसडी चॅनेल वाईट दिसतं ते नुसत्या रेषांमुळे नाही. एकाच फ्रिक्वेन्सीत जास्त चॅनेल कोंबायची म्हणून त्यांचा डेटा पिळून काढलेला असतो. हलत्या चित्रात चौकोनी ठोकळे उठतात, गर्दीचा चिखल होतो, आणि ठोकळे रेषेपेक्षा मोठे असल्याने ते लांबूनही दिसतात. म्हणून नुसत्या हिशेबावर न थांबता घरीच परीक्षा घ्या. शेजाऱ्यांकडे एचडी असेल तर त्यांच्याकडे चालेल, फक्त पडद्याचं माप आणि बसायचं अंतर तुमच्या घरातलंच धरा. एकाच चॅनेलची एसडी आणि एचडी आवृत्ती लावायची. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लोगोत 'एचडी' लिहिलेलं असतं, त्यावर कागद चिकटवा. रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या. त्याने चॅनेल बदललं की खाली नावाची पट्टी येते, ती जाईपर्यंत मान वळवा आणि मग ओळखा. दहापैकी पाच-सहाच बरोबर आले, तर तुम्ही नाणं उडवताय. पैसे ठेवा खिशात.

प्रश्न (हडपसर): एचडी बॉक्स घेतला, पॅकचे पैसेही भरतो. चित्र पहिल्यासारखंच. फसवणूक झाली का?

उत्तर: बहुधा नाही. बॉक्सच्या मागे बघा. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिना लावल्या असतील तर प्रश्न तिथेच मिटला. पिवळ्या पिनेतून एसडीच जातं, बॉक्स कितीही भारी असला तरी. जुना बॉक्स काढून नवा लावणारा मुलगा घाईत असला की जुन्याच वायरी त्यात खुपसतो आणि चित्र आलं की निघतो. एचडीएमआय केबल लावा. दीड-दोन मीटरची साधी केबल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, दोन-तीनशेच्या आत मिळायला हरकत नाही; सोन्याचा मुलामा वगैरे ऐकून जास्त देऊ नका. या केबलमधून एकतर पूर्ण चित्र येतं, नाहीतर चमकतं, तुटतं किंवा येतच नाही. 'थोडं जास्त स्वच्छ' असं काही तिच्या हातात नसतं.

केबल लावल्यावर टीव्हीचा सोर्स एव्हीवरून एचडीएमआयवर न्या. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ किंवा डिस्प्ले शोधा आणि तिथे ५७६ असेल तर १०८०आय करा. टीव्हीच्या बाजूला पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' असं काहीतरी असतं, ते निवडा. नाहीतर टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतो आणि एचडीची धार आपणच बोथट करतो. चेहरे फुगल्यासारखे दिसत असतील तर ४:३चं जुनं चित्र १६:९मध्ये ओढलेलं आहे. ते 'ऑटो'वर टाका, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. शार्पनेस अगदी खाली आणा. वाढवल्यावर बारकावा वाढत नाही, कडेला पांढरी रेघ उमटते. आणि दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला 'विविड' मोड काढून 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' लावा.

एवढं करूनही फरक नसेल तर चॅनेलचा नंबर बघा. एचडी आवृत्तीचा नंबर वेगळा असतो, आणि आपल्या बोटांना जुनाच पाठ असतो. पैसे एचडीचे आणि बघणं एसडीचं, असं कितीतरी घरांत चालू असतं. फेव्हरिट यादीत जुने नंबर काढून नवे टाका.

प्रश्न (कर्वेनगर): मग कुठली चॅनेल एचडीत घ्यावीत? सगळा पॅक महाग पडतो.

उत्तर: सगळा पॅक घेऊच नका. खेळ बघत असाल तर खेळाचं आधी घ्या. क्रिकेटच्या लांबच्या शॉटमध्ये चेंडू इवलासा, मागे गवताचा बारीक पोत, आणि कॅमेरा सतत फिरता. एसडीत डेटा कमी पडतो तो नेमका इथे: गवत हिरव्या रंगाच्या लेपासारखं होतं आणि चेंडू त्यात विरघळतो. त्यानंतर निसर्ग-प्राण्यांची चॅनेल, मग नवे सिनेमे.

मालिकांचं तसं नाही. निम्मा वेळ पडदाभर एकच चेहरा आणि मागे स्थिर दिवाणखाना. एसडीतही ते बरं टिकतं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, पण घरात एकच मालिका नेमाने पाहिली जात असेल तर तेवढं एकच चॅनेल एचडीत घ्या. मराठी बातम्यांची चॅनेल बहुतेक एसडीतच आहेत, आणि निम्मा पडदा पट्ट्यांनी भरलेला असताना एचडी असूनही काय बघणार होतो, हा प्रश्नच आहे.

जुन्या कार्यक्रमांबाबत एक भेद लक्षात ठेवा. जुना सिनेमा ३५ मिलिमीटर फिल्मवर आहे. प्रिंट बरी असेल आणि ती नव्याने स्कॅन केली असेल, तर त्यातून खरंखुरं एचडी निघतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या व्हिडिओ टेपवरच्या मालिकांत तेवढ्या रेषाच नाहीत. एचडी चॅनेलवर त्या नुसत्या फुगवून दाखवतात.

बिलात एक गोष्ट तपासा: एकाच चॅनेलच्या दोन्ही आवृत्त्या चालू आहेत का? ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१९च्या दररचनेपासून प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी दाखवावी लागते, त्यामुळे हे ॲपमध्ये लगेच कळतं. त्या रचनेत एक एचडी चॅनेल दोन एसडींएवढं मोजलं गेलं. एचडी घेतलं की एसडीचं जुळं भावंड काढून टाका.

प्रश्न (धनकवडी): डीटीएच आहे. पावसाची जोरदार सर आली की एचडी चॅनेल जातात, एसडी चालू राहतात. कंपनीचा माणूस डिश मोठी करा म्हणतो.

उत्तर: एचडी आधी जाणं स्वाभाविक आहे. आपल्याकडचं डीटीएच केयू बँडवर चालतं आणि या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. एचडीसाठी तेवढ्याच फ्रिक्वेन्सीत जास्त माहिती दाटीने भरलेली असते, म्हणून तिला सिग्नल अधिक स्वच्छ लागतो. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं गेलं तर सोडून द्या. रिमझिम चालू असतानाही जात असेल, तर दोष घरचा आहे.

मोठ्या डिशचे पैसे देण्याआधी हे बघा. निरभ्र दिवशी बॉक्सच्या मेनूत सिग्नल क्वालिटीचा आकडा बघून लिहून ठेवा. स्ट्रेंग्थ नव्हे, क्वालिटी. पावसाळा लागल्यावर कोरड्या वेळीच तो घसरलेला दिसला, तर पाणी शिरलंय. संशयित जागा दोन: एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकलेली, किंवा केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा एफ-कनेक्टर गंजलेला. कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार हिरवी-काळी झाली असेल किंवा जाळी ओली असेल, तर केबलचा तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावून घ्या. कनेक्टरच्या थोडं अलीकडे केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न वाहता झोळावरून टपकेल. वर रबरी वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते.

मग समोरची झाडं बघा. मे महिन्यात बसवलेली डिश जुलैत रुसते, कारण मधल्या गुलमोहराला पालवी फुटलेली असते. आपल्याकडच्या डीटीएच उपग्रहांसाठी पुण्यातून डिशचं तोंड दक्षिण-आग्नेय ते पूर्व-आग्नेय या पट्ट्यात, आणि आकाशाकडे बरंच वर असतं. जुन्या मंडळींना अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडे वळवायची सवय, पण डिशला त्या दिशेचा काही उपयोग नाही. वायव्येची बाल्कनी असलेल्या फ्लॅटमध्ये डिश गच्चीवरच न्यावी लागते. तिथून खाली केबल आरजी-६ची आणि अखंड असावी, मधे जोड नको. पाच-सहा मजले उतरताना प्रत्येक जोड थोडा सिग्नल खातो.

प्रश्न (सदाशिव पेठ): आई ७८ वर्षांची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिच्यासाठी एचडी घ्यावं का?

उत्तर: नको. नजर ६/१२ असेल तर बारकावा ओळखायचं अंतर निम्म्यावर येतं. ४३ इंची टीव्हीचा सगळा एचडी बारकावा दिसायला त्यांना पावणेतीन फुटांवर बसावं लागेल. त्यांना हवं ते मोठं चित्र. त्याच पैशांत टीव्हीचा आकार वाढवा किंवा खुर्ची दोन फूट पुढे घ्या. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नका, मोतीबिंदूत चकाकीचा त्रास फार होतो.

खरी तक्रार चित्राची आहे का, हेही विचारा. सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. शिवाय बॉक्सचा ऑडिओ डॉल्बीवर असला की संगीत दणदणीत आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. तो स्टिरिओ किंवा पीसीएमवर करा आणि टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' असेल तर चालू करा. पुष्कळदा 'नीट दिसत नाही'चा अर्थ 'नीट ऐकू येत नाही' असा निघतो.

प्रश्न (वाकड): फोर-के टीव्ही आहे, इंटरनेट १०० एमबीपीएसचं. तरी ॲपवरचा सिनेमा धुरकट दिसतो.

उत्तर: वेगाला दोष देऊ नका, एचडीला पाचेक एमबीपीएस आणि फोर-केला १५ ते २५ पुरतात. आधी तुमची योजना बघा. नेटफ्लिक्सच्या बेसिक योजनेत चित्र ७२० रेषांवरच थांबतं, स्टँडर्डमध्ये १०८०, आणि फोर-के फक्त प्रीमियममध्ये. इतर ॲपांतही अशा पायऱ्या असतात. दुसरी शक्यता वाइडवाइन नावाच्या कुलपाची; सिनेमाची चोरून नक्कल होऊ नये म्हणून ते असतं. स्वस्त अँड्रॉइड बॉक्स किंवा स्टिकला त्याची एल-३ ही खालची पातळी असते आणि मग बरीच ॲप ४८०च्या वर चढत नाहीत. घेण्यापूर्वी एल-१ आहे का, हे विचारा. तिसरी गोष्ट, राउटर आतल्या खोलीत असेल तर टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर अडकलेला असतो आणि सोसायटीतले सगळे शेजारी त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झवर घ्या किंवा सरळ लॅनची वायर ओढा.

सामना ॲपवर बघणार असाल, तर चित्र डिशच्या मागे अर्ध्या मिनिटापर्यंत रेंगाळू शकतं. विकेट आधी शेजारच्या घरातून ऐकू येईल.

प्रश्न (कात्रज): ३२ इंचीत एचडी रेडी की फुल एचडी?

उत्तर: सहा फुटांपलीकडून बघणार असाल तर एचडी रेडी. त्याच्या ७६८ रेषा तिथून वेगळ्या दिसत नाहीत. कॉम्प्युटरला जोडून जवळून वाचायचं असेल तर फुल एचडी. खोक्यावर 'फोर-के सपोर्ट' लिहिलेलं असलं तरी फसू नका, पॅनेलचं रिझोल्यूशन किती ते बघा: १३६६ × ७६८ म्हणजे एचडी रेडीच. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जागा असेल तर ४३ इंचीचा भावही विचारून ठेवा.

प्रश्न (पिंपळे सौदागर): एचडीने वीज जास्त लागते का?

उत्तर: नाही. वीज पडद्याच्या आकारावर आणि ब्राइटनेसवर जाते. ४३ इंची टीव्ही ८० वॉटचा धरला तर रोज पाच तासांचे महिन्याला १२ युनिट होतात. दुर्लक्ष होतं ते बॉक्सकडे. रिमोटने बंद केल्यावरही तो गरम लागतो ना? दहा वॉट धरले तरी चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा. सकाळी सुरू व्हायला मिनिटभर लागेल, आणि आठवड्यातून एखाद्या रात्री चालू ठेवला की त्याचे अपडेटही होऊन जातील.