टेस्टिंगमध्ये पहिला कोण आला ते सोडा, गॅरेजबाहेर किती वेळ होता ते बघा

तुमचे दोन प्रश्न आहेत. फॉर्म्युला वनच्या सीझनआधीच्या टेस्टिंगमध्ये जो पहिला येतो तोच पुढे जिंकतो का, हा एक. आणि नव्या गाड्यांच्या अनावरणाचे फोटो बघून कोणाची गाडी चांगली हे ओळखता येतं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे म्हणून ते आधी उरकतो: नाही येत. अनावरणाची गाडी म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. २०२२ मध्ये रेड बुलने आरबी१८ म्हणून जी उभी केली ती मुळात नव्या नियमांची गाडी कशी दिसेल हे लोकांना कळावं म्हणून फॉर्म्युला वननेच बनवलेली नमुन्याची गाडी होती. वरून रेड बुलचा रंग आणि स्पॉन्सरचे स्टिकर, एवढंच. खरी गाडी ट्रॅकवर आली तेव्हा साइडपॉड (ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंचे फुगवटे) वेगळेच निघाले. त्याच वर्षी मर्सिडीजने बार्सिलोनाला एक गाडी आणली आणि दोन आठवड्यांनी बहरीनला जवळजवळ साइडपॉडच नसलेली दुसरी. फोटो मोबाइलच्या वॉलपेपरला खुशाल लावा, भाकितं त्यावर करू नका.

आता पहिला प्रश्न. यात मी स्वतः हात पोळून घेतलेले आहेत. २०१९ ला बार्सिलोनाच्या टेस्टिंगच्या शेवटी फेटलची फेरारी पहिली होती, १:१६.२२१. मर्सिडीजचा हॅमिल्टन १:१६.२२४. फरक फक्त तीन सहस्रांश सेकंदाचा, पण दोन्ही आठवडे फेरारी ज्या तोऱ्यात पळत होती ते बघून मी ऑफिसातल्या सहा जणांशी मिसळीची पैज लावून बसलो. सीझनची पहिली रेस मेलबर्नला. तिथे क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या सत्रात, फेटल सात दशांश सेकंदांनी मागे. रेसमध्ये तर चौथा, आणि जिंकणाऱ्या मर्सिडीजच्या बोटासच्या तब्बल ५७ सेकंद मागे. सहा मिसळ आणि वरचे पाव माझ्या खिशातून गेले. ही आणि पुढच्या चार, अशा पहिल्या पाचही रेसमध्ये मर्सिडीज पहिली आणि दुसरी.

चूक कुठे झाली? मी यादीतली वरची ओळ वाचली. मर्सिडीजने दुसऱ्या आठवड्यात जवळपास अर्धी नवी गाडी आणली होती आणि ती समजून घेण्यात त्यांचे दिवस चालले होते, हे माझ्यासमोर दिसत असूनही मी त्याला किंमत दिली नाही.

टेस्टिंगमधली वेळ खोटी नसते, अपुरी असते. बार्सिलोनासारख्या ट्रॅकवर टाकीत १० किलो इंधन जास्त असलं की लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, साधारण तीन दशांश सेकंद जातात. २०२५ पर्यंत रेससाठी ११० किलोपर्यंत इंधन वापरायची मुभा होती. म्हणजे एकाची टाकी जवळजवळ रिकामी आणि दुसऱ्याची भरलेली असेल, तर नुसत्या इंधनाने तीन सेकंदांचा फरक पडतो, आणि हे आकडे कोणी सांगत नाही. त्यात टायर कुठला, तो किती लॅप जुना, इंजिन किती जोरात सोडलंय, हे वेगळंच. बहरीनला तर घड्याळही बघावं लागतं. दुपारच्या उन्हात ट्रॅक तापलेला असतो, संध्याकाळी दिवे लागल्यावर तीच गाडी आपोआप पळायला लागते. दुपारी दोनला पहिला आणि संध्याकाळी सहाला पहिला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठे संघ मुद्दाम हात राखून असतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. छोट्या संघांचं उलट असतं. २००१ मध्ये आलेन प्रॉस्टच्या संघाची गाडी घेऊन जाँ अलेझी थंडीच्या टेस्टिंगमध्ये वरच्या नंबरांत पळत होता आणि लोक तोंडात बोटं घालत होते. पूर्ण सीझनमध्ये संघाला मिळाले ४ गुण, आणि २००२ च्या जानेवारीत संघाचं दिवाळं निघालं. पैसे संपत आले की हलक्या गाडीत एक झकास लॅप मारायचा आणि बातमी स्पॉन्सरपुढे ठेवायची, ही जुनी रीत आहे.

म्हणूनच २००९ ला सगळे फसले. होंडाने डिसेंबर २००८ मध्ये फॉर्म्युला वन सोडलं. संघप्रमुख रॉस ब्रॉनने संघ ताब्यात घेतल्याची घोषणा झाली ती थेट ६ मार्चला, पहिल्या रेसच्या जेमतेम तीन आठवडे आधी. होंडासाठी आखलेल्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन कसंबसं बसवलेलं. गाडी पांढरीफटक, अंगावर स्पॉन्सर जवळपास नाहीत. आणि ही गाडी बार्सिलोनात आली ती सगळ्यांना मागे टाकत. सगळ्यांना प्रॉस्ट आठवला. पण नंतर हेरेझलाही तेच झालं, आणि मग मेलबर्नला ब्रॉनचे दोन्ही ड्रायव्हर पुढे, बटन पहिला, बारिकेलो दुसरा. बटनने पहिल्या सातांपैकी सहा रेस जिंकल्या आणि वर्षाअखेर दोन्ही किताब, ड्रायव्हरचा आणि संघाचा. होंडाने २००८ चा सीझन जवळजवळ सोडून देऊन याच गाडीवर काम केलं होतं आणि मागे तो गाजलेला डबल डिफ्यूजर होता (गाडीच्या शेपटीखालचा, हवेच्या जोरावर गाडीला जमिनीकडे ओढणारा भाग). तसा तो टोयोटा आणि विल्यम्सकडेही होता, त्यामुळे सगळं श्रेय त्यालाच देणारे लोक मला पटत नाहीत.

मग प्रॉस्ट आणि ब्रॉन यांच्यातला फरक घरबसल्या कसा ओळखायचा? लांब रनवरून, म्हणजे न थांबता मारलेल्या सलग लॅपवरून. एक लॅप सजवता येतो, वीस लॅप सजवणं अवघड.

लाइव्ह टायमिंगवर एक गाडी निवडा आणि तिचे सलग लॅप कागदावर उतरवा. समजा एकाचे आकडे असे आले: १:३६.८, ३६.९, ३६.८, ३७.०, ३६.९. दुसऱ्याचे असे: १:३६.१, ३६.३, ३६.६, ३७.०, ३७.५. बातमीत दुसऱ्याचं नाव येणार, कारण त्याचा लॅप सात दशांशांनी चांगला. पण गाडी लॅपला दोन किलोच्या आसपास इंधन जाळते, म्हणजे दर लॅपला अर्धा-पाऊण दशांश हलकेपणा फुकटात मिळतो. तरीही दुसऱ्याची वेळ चढत चालली आहे, म्हणजे तो टायर खातोय. पहिल्याचा आलेख सपाट आहे, टायरचं नुकसान आणि इंधनाचा फायदा जुळतोय. मी पैसे पहिल्यावर लावीन. (मिसळीपुरतेच.)

यातही बहरीनची ५७ लॅपची पूर्ण रेस कोणी पळून बघत असेल तर सगळं सोडून ती बघा. तिथे लपवायला फार जागा नसते, कारण एवढं अंतर मध्ये इंधन न भरता जायचं तर टाकी सुरुवातीला भरलेलीच हवी. एक काळजी घ्या: पिटमध्ये काही सेकंद थांबून टायर बदलून निघाला तर ती रेसची तालीम. गाडी ढकलत गॅरेजात नेली, शटर-पडदे झाले आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आली, तर हिशोब संपला, आत काय भरलं-काढलं देव जाणे.

२०२५ ला बहरीनच्या तीन दिवसांत सगळ्यात चांगला लॅप विल्यम्समधल्या साइन्झचा होता. विल्यम्स वर्षाअखेर पाचव्या क्रमांकावर. ज्यांनी दुसऱ्या दिवशीचा नॉरिसचा लांब रन वहीत उतरवला होता त्यांना मॅकलारेनच्या दोन्ही किताबांचं फारसं आश्चर्य वाटलं नसेल.

संघ टेस्टिंगला मुळात जातात कशासाठी हे लक्षात आलं की बरंच सोपं होतं. विंड टनेलने (जिथे छोट्या मॉडेलवर वारा सोडून बघतात) आणि कॉम्प्युटरने जे सांगितलं ते रस्त्यावर खरं ठरतंय का, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून पहिल्या सकाळी गाड्या चाकांमागे खिडकीच्या ग्रिलसारख्या जाळ्या बांधून फिरतात. त्या हवेचा दाब मोजायच्या नळ्या. किंवा रंगपंचमीला बुडवून काढल्यासारखी अर्धी गाडी हिरवीगार असते. ते पातळ तेलात कालवलेलं चमकणारं रंगद्रव्य, हवा जिथून वाहते तिथे त्याचे ओघळ उमटतात. गाडी परत आली की फोटोग्राफर धावतात आणि मेकॅनिक पाठी करून आडवे उभे राहतात. त्या लॅपच्या वेळेला शून्य अर्थ असतो, तरी कोणीतरी 'अमका शेवटून दुसरा' अशी बातमी करतोच.

आणि टनेल व रस्ता यांचा मेळ बसला नाही की काय होतं ते २०२२ ने दाखवलं. १९८३ पासून गाडीचा तळ सपाट ठेवायची सक्ती होती, २०२२ ला तळाखाली बोगदे परत आले. गाडी जितकी जमिनीला चिकटेल तितकी ती आणखी खाली ओढली जाते. एका क्षणी फट इतकी अरुंद होते की हवेचा प्रवाहच अडखळतो, ओढ सुटते, गाडी वर उसळते, फट मोकळी झाली की पुन्हा खाली. बार्सिलोनात सरळ रस्त्यावर ड्रायव्हरांची हेल्मेटं अक्षरशः खडखडत होती. इतके हुशार लोक, हे आधी का कळलं नाही? कारण नियमाप्रमाणे विंड टनेलमध्ये मॉडेल ६० टक्के आकाराचं आणि हवेचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८०. ही उसळी त्याहून पुष्कळ जास्त वेगाला येते. मर्सिडीजची ती बिनसाइडपॉडची गाडी टनेलमध्ये नक्कीच लाजवाब दिसली असणार. रस्त्यावर ती इतकी उसळायची की उंच ठेवून चालवावी लागे, आणि उंच ठेवली की कमाई गेली. पूर्ण वर्षात एकच रेस जिंकले, ब्राझीलची. ती कल्पना सोडायला त्यांना २०२३ चं मोनॅको उजाडावं लागलं. गंमत म्हणजे त्याच मोनॅकोत पेरेझची रेड बुल आपटली आणि क्रेनने ती सगळ्यांदेखत उचलली. तिचा तळ झाडून सगळ्या संघांनी बघून घेतला. त्या वर्षी टेस्टिंगच्या तीन दिवसांत जे कोणाला दिसलं नव्हतं ते तिथे दोन मिनिटांत दिसलं.

लॅपची संख्याही बघावी, पण तिला डोक्यावर घेऊ नये. २०१४ ला हायब्रिड इंजिनं आली तेव्हा हेरेझच्या चार दिवसांत रेड बुलने मिळून २१ लॅप केले. सगळे म्हणाले संपले हे. वर्षाअखेर ते दुसरे होते, त्यांच्या रिकार्डोने तीन रेस जिंकल्या. आपल्या फोर्स इंडियाचं २०१५ आठवतंय? पहिल्या टेस्टला गेलेच नाहीत, दुसऱ्याला जुनी गाडी, नवी गाडी अवतरली ती शेवटच्या टेस्टला. तरी मेलबर्नला दोन्ही गाड्या गुणांत आणि वर्षाअखेर पाचवे, तोवरची त्यांची सर्वोत्तम जागा. लॅप कमी पडले तर पहिल्या तीन-चार रेस जड जातात, सीझन बुडतोच असं नाही.

आता २०२६. बदल इतका मोठा आहे की माझी वरची निम्मी पद्धत बहुतेक दुरुस्त करावी लागेल. विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून थेट ३५०, म्हणजे जवळपास निम्मा जोर बॅटरीतून. गाडी १० सेंटिमीटर अरुंद, चाकांमधलं अंतर २० सेंटिमीटर कमी, किमान वजन सुमारे ३० किलोने कमी करून ७६८. पुढचे-मागचे पंख सरळ रस्त्यावर आडवे होतात. तळाचे बोगदे जवळपास गेलेत, त्यामुळे उसळीची भीती कमी. खरी मेख बॅटरीत आहे. ती लॅपभर पुरवायची कशी, हे ज्याला आधी जमेल तो सुरुवातीच्या रेसमध्ये पुढे राहील. टेस्टिंगमध्ये हे दिसतं, कान उघडे ठेवले तर ऐकूही येतं. सरळ रस्ता संपायच्या बराच आधी गाडीचा वेग मरायला लागतो का? ड्रायव्हर ब्रेकच्या आधीच पाय काढतो का? वळणात इंजिन उगाच वरच्या पट्टीत ओरडत राहतं का, चार्जिंगसाठी? एका लॅपला हे सगळं झाकता येतं, बॅटरी पूर्ण भरून निघालं की झालं. सलग दहा लॅपमध्ये नाही.

२०२६ साठी बार्सिलोनाचे पाच दिवस बंद दाराआड ठेवले होते, त्यातले तीनच प्रत्येक संघाला, तेव्हा तिथून आलेल्या वेळा कानगोष्टी समजा. बहरीनला तीन-तीन दिवसांच्या दोन फेऱ्या ठेवल्या होत्या. तिथली वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ अशी असते, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ, मध्ये तासाभराची जेवणाची सुट्टी. नोकरी सांभाळून बघायचं असेल तर शेवटच्या दोन दिवसांची साडेपाचनंतरची सत्रं धरा. पहिल्या सकाळचं तर मी लिहूनही घेत नाही, तेव्हा हिरव्या गाड्या बघतो आणि चहा पितो.